भोक पाडलेलं झाकण

वायरकाकूंच्या बाथरूममध्ये लोखंडाचं काही टिकत नसे. दाराच्या बिजागऱ्या तपकिरी, खिळे तपकिरी. आरशाचा हूक तर गंजून गंजून एक दिवस आरशासकट खाली आला. नळाला त्यांनी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठेवली होती. नवा पाहुणा हात धुऊन बाहेर आला की हमखास विचारायचा, "समुद्र जवळ आहे का हो इथे?"

"समुद्र नाही," काकूंची नणंद म्हणायची, "वहिनी आहे."

या सगळ्याला कारण होता बेसिनखालच्या कपाटातला एक चौकोनी, पांढरट प्लास्टिकचा कॅन. आत हिरवंगार पाणी. रंग असा सुरेख, की बघणाऱ्याने पेला पुढे करावा. म्हणून काकूंनी कॅनवर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं : 'पिऊ नये. हात लावू नये. विचारू नये.'

काकू पूर्वी रेडिओच्या कारखान्यात होत्या, सोल्डरिंगच्या रांगेत. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. काकूंनी आपली सोल्डरगन अॅप्रनमध्ये गुंडाळली आणि घरी आणली. तेव्हापासून जेवणाचं टेबल हेच दुकान. ज्या यंत्रांच्या कंपन्या कधीच बुडाल्या, त्यांचे मेलेले सर्किट-बोर्ड काकूंकडे येत : शिलाई मशीनचा, दवाखान्यातल्या वर-खाली होणाऱ्या पलंगाचा, बेकरीच्या भट्टीचा, एकदा तर शाळेच्या घंटेचा. बाजारात मिळत नाही ना? मग काकू हाताने बनवत. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी घ्यायची, जिथून वीज जायला हवी तिथे पक्क्या शाईच्या पेनाने रेघा काढायच्या आणि पाटी हिरव्या पाण्यात सोडायची. उघडं तांबं पाणी खाऊन टाकतं, शाईखालचं वाचतं. शाई पुसली की तांब्याच्या वाटा लखलखत उभ्या.

काम झालं की लोक हे पाणी मोरीत ओतून मोकळे होतात. काकूंसमोर तसं कुणी बोललं, तर त्याची शंभरी भरली म्हणायची.

"मोरीतून ते जातं कुठे? नदीत. नदीतून? तुमच्याच पेल्यात. आणि फेकायचं कशाला मी म्हणते? ते संपतं थोडंच! दमतं फक्त."

दमलेलं पाणी ओळखायची खूण सोपी. हिरवं म्हणजे भूक लागलेली, काळपट तपकिरी म्हणजे पोट तुडुंब. तुडुंब झालं की काकू त्यात थोडं ॲसिड घालत, माशांच्या टाकीचा जुना पंप लावून सावकाश बुडबुडे सोडत, आणि दुसऱ्या दिवशी पाणी परत हिरवं. घाई असेल तर पंपाऐवजी पेरॉक्साइड, जखमेवर घातलं की फसफसतं ते. "हे माझं विरजण आहे," त्या म्हणत. "आजवर जेवढे बोर्ड केले, त्या सगळ्यांचं तांबं आहे यात." फक्त एक पथ्य. पेरॉक्साइड प्यालेलं पाणी नंतर बराच वेळ गॅस सोडत राहतं. कॅनचं तोंड बंद केलं तर तो गॅस जाणार कुठे? म्हणून त्या कॅनच्या झाकणाला काकूंनी तापवलेल्या सुईने भोक पाडलं होतं. पाणी श्वास टाकायचं, आणि बाथरूममधलं लोखंड गंजायचं.

पेरॉक्साइड पहिल्यांदा घरात आणलं ते त्यांच्या नवऱ्याने. "दुसऱ्यांचे नवरे बायकोसाठी हौसेने काहीबाही आणतात," काकू सांगत, "आमचे हे निर्जंतुक करायचं औषध घेऊन आले."

'हे' म्हणजे औषधाच्या दुकानातले कंपाउंडर. सगळी गल्ली त्यांना निम्मे डॉक्टर म्हणायची आणि ते त्या निम्म्यावर पूर्ण खूश असत. खिशात औषधाचा चमचा, ओठांवर एक वाक्य. बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते वाक्य आलंच पाहिजे : "हलवून घ्या, आणि झाकण घट्ट लावा." आयुष्यभर असं म्हणून म्हणून माणसाचं काय होणार? घरातही उघडं झाकण दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे. तेलाची बाटली, शाईची बाटली, टूथपेस्ट. टूथपेस्ट उघडायला काकूंना पक्कड लागायची. वापरलेल्या बाटल्यांची चांगली झाकणं ते एका डब्यात जमवून ठेवत. न जाणो, कुणाचं हरवलं तर! हिरव्या कॅनला मात्र त्यांचा हात कधी लागला नाही. नवरा-बायकोचा तसा तह होता.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. आता श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याच्या पुढे ठेवलेल्या छिद्रातून. आवाज नाही. साधी शीळही घालता येत नाही, कारण तोंडात हवाच येत नाही. बोलायला दवाखान्यातून एक यंत्र मिळालं, लहान टॉर्चएवढं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते गुणगुणतं आणि ओठ हलवले की त्या गुणगुणीतून शब्द निघतात. डब्यात कोंडलेला भुंगा बोलायला लागावा तसा आवाज. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं दचकली, दुसऱ्या आठवड्यात सरावली. लहान मुलं तर मुद्दाम औषध घ्यायला यायची. "डॉक्टर, परत बोला ना!"

आणि एक दिवस भुंगा गप्प झाला.

काकूंनी यंत्र उघडलं. आतल्या बोर्डावर तांब्याच्या वाटांच्या जागी हिरवट भुकटी होती. त्यांना एका नजरेत कळलं. झोपताना यंत्र बेसिनवरच्या फळीवर ठेवायची सवय त्यांनीच लावली होती, म्हणजे सकाळी शोधायला नको. फळीच्या खाली कपाट, कपाटात कॅन, झाकणाला भोक. आरशाचा हूक खाणाऱ्या वाफेने नवऱ्याचा आवाज खाल्ला होता.

त्यांनी यंत्र पटकन मिटलं.

"काय झालं गं?" नणंद खांद्यावरून वाकली.

"काही नाही वन्सं. जुनं झालंय."

दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, नवीन मागवलंय, येईल तेव्हा येईल. तोवर निम्मे डॉक्टर दुकानात चिठ्ठ्या लिहून काम भागवू लागले. घरात भागायचं ते चमच्यावर. खिशातला चमचा काढून भिंतीवर, दारावर, टेबलावर वाजवायचा. एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे इकडे ये. तीन म्हणजे नको. त्यापलीकडचं काही असेल तर समोर उभं राहून ओठ हलवायचे. काकू बरोबर वाचत. नणंद वाचायची ते भलतंच.

शनिवारी दुकानाचा मालक घरी आला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"वहिनी, मी वाईट माणूस नाही."

"असं सुरुवातीलाच सांगितलंत की भीती वाटते हो," काकू म्हणाल्या.

"यांच्यासारखा हात नाही दुसऱ्याचा, मला माहीत आहे. पण म्हातारी माणसं चिठ्ठी घेतात, चष्मा घरी असतो, माना डोलावतात आणि जातात. काल एक आजोबा लावायचं औषध पिऊन बसले असते. सुनेने पाहिलं म्हणून बरं. औषधाच्या दुकानात नुसती मान डोलावून चालतं का, सांगा!"

निम्मे डॉक्टर जमिनीकडे बघत होते. चमचा खिशातच होता.

"सोमवारी सकाळी या," मालक उठला. "गिऱ्हाइकाशी बोलून दाखवा. जमलं तर तुमची खुर्ची तुमची. नाही तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल. एक जण विचारून गेलाय."

दार लागलं. ज्याने बोलायचं त्याला बोलता येत नव्हतं.

"सोमवारी येतील म्हणावं," काकू बंद दाराला म्हणाल्या आणि टेबल आवरायला घेतलं.

बोर्ड साधा होता. रेडिओच्या मानाने पोरखेळ. जुन्या बोर्डावरून काकूंनी वाटा उतरवून घेतल्या, पाटी उथळ डब्यातल्या पाण्यात सोडली, डबा हलवत बसल्या. पण पाणी दमलेलं होतं. आठवडाभर बेकरीच्या भट्टीचं काम चाललं होतं, त्यामुळे रंग गढूळ तपकिरी. पंप लावून ठेवायला हवा होता. काकू थांबल्या नाहीत. दमलेलं पाणी सावकाश खातं, आणि सावकाश खाणारं पाणी शाईच्या कडेखालीही शिरतं. रात्रभर पाण्यात राहिलेली पाटी सकाळी बाहेर काढली तेव्हा वाटा कसर लागलेल्या कापडासारख्या झाल्या होत्या. नखाने टोकरलं तर सुटून आल्या.

"झालं का?" नणंदेने विचारलं.

"झालं. वाटोळं."

रविवार. दुकानं बंद. घरात तांब्याच्या पाटीचा एकच तुकडा उरलेला, यंत्राच्या पोटात मावेल एवढाच. जेवणं उरकली. काकूंनी कॅन बाहेर काढला, ॲसिड घातलं आणि पेरॉक्साइडची बाटली उचलली. नेहमी घालायच्या तेवढं घातलं. पाणी हिरवं व्हायला लागलं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, आणि तेवढंच आणखी घातलं. दमलेल्याला दुप्पट भाकरी! पाणी कोमट होऊन आतल्या आत उसळू लागलं. भोकाचं झाकण लावून त्यांनी कॅन कपाटात ठेवला. वाफेचा जोर ओसरेपर्यंत रेघा काढून होतील, असा हिशेब.

"आता माझ्याशी कुणी बोलू नका," त्या सगळ्यांकडे पाठ करून टेबलाशी बसल्या. "पक्की शाई आहे. हात हलला की गेलं. दुसरा तुकडा नाही."

"इथे बोलतंय कोण?" नणंद म्हणाली. "एक मुका, एक तू."

"आणि एक तुम्ही, वन्सं."

निम्मे डॉक्टर गळ्याच्या छिद्रातली नळी साफ करायला बाथरूममध्ये गेले. आत पाऊल टाकलं आणि छिद्रातून सुरी गेल्यासारखं झालं. तुमच्या-माझ्या नाकात वास गेला की नाक आधी कुरकुरतं, सावध करतं. त्यांच्या गळ्याला नाक नव्हतं, वाफ सरळ छातीत. ते बेसिनला धरून खोकले, म्हणजे वाकले आणि हादरले. कपाट उघडलं. झाकणाच्या भोकातून धूर निघताना दिसला. तह आठवला की नाही, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. हात आठवणीच्या आधी पोचला. झाकणांच्या डब्यातलं एक चांगलं, कॅनला बसेल असं बिनभोकाचं झाकण त्यांनी कॅनवर बसवलं आणि बसवायची त्यांना जी एकच रीत ठाऊक होती त्या रीतीने, मनगटाला शेवटचा झटका देऊन, आवळलं.

कपाट बंद केलं. भोकाचं झाकण खिशात टाकलं. बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि गळ्याशी ओला रुमाल धरला.

घर शांत होतं. टेबलावर पेनाची करकर. नणंद कपड्यांच्या घड्या घालत होती.

ठप्प.

बाथरूममधून आवाज आला. रिकामा डबा दाबल्यावर येतो तसा.

"काय पडलं?" नणंद.

"पडू दे," काकू मान न वळवता म्हणाल्या.

पुन्हा ठप्प. निम्मे डॉक्टर उठले. जाऊन कपाटाचं दार उघडलं आणि तिथेच थिजले. चौकोनी कॅन चौकोनी राहिला नव्हता. चारही बाजू फुगून तो गोल झाला होता, बूड बाहेर आल्यामुळे कलला होता, डुगडुगत होता. आत हिरवं पाणी उकळल्यासारखं हलत होतं.

त्यांना एका क्षणात सगळं उमगलं. जखमेवर फसफसणारं पेरॉक्साइड त्यांनी हजारदा पाहिलं होतं. आता ते जखमेवर नव्हतं, बंद कॅनमध्ये होतं. आणि बूच त्यांनी मारलं होतं.

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज कुठून येणार?

चमचा निघाला. दाराच्या चौकटीवर दोन ठोके. टक टक. इकडे ये.

"आले हं," काकू म्हणाल्या. "एवढी रेघ होऊ दे."

निम्मे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं : बायको आत येतेय, कॅनवर वाकतेय, आणि... टक टक टक. नको!

"बरं, नको."

पण मग करायचं काय? उघडायचा कसा, ते तिलाच माहीत. टक टक.

"अहो, आधी ठरवा! येऊ की नको?"

टक टक टक. टक टक. टक टक टक.

"हे काय आता? वन्सं, बघा हो जरा. औषध घ्यायचं नसेल त्यांना."

नणंद खांद्यावर टॉवेल टाकून उठली. "मला तसंही आत जायचंच आहे. दादा, सर बघू."

निम्मे डॉक्टरांनी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून दोन्ही हात पसरले.

"अरे! सर म्हणते ना!"

तीन ठोके. कपाळावर घाम. ओठ जोरजोरात हलताहेत.

"काय? बादली? बादली आहे आत, मला माहीत आहे!" नणंदेचा चष्मा कपड्यांच्या ढिगात होता. "वहिनी, हा मला आत जाऊ देत नाहीये! लहानपणीही असंच करायचा!"

"भांडा तुम्ही," काकू. "माझी शेवटची रेघ आहे."

दाराच्या आत ठप्प, आणि त्यामागून एक बारीक, लांबट करकर. प्लास्टिक ताणलं जात असल्याची.

निम्मे डॉक्टरांनी बहिणीचं मनगट धरलं, तिला ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि भिंतीशी उभं केलं. मग ते टेबलाशी आले. काकूंच्या खांद्याला हात लावला. काकूंनी खांदा झटकला. त्यांनी टेबलावर चमचा आपटला. काकूंनी मान वर केली नाही. पेनाचं टोक पाटीवर होतं, आणि त्या पाटीवर त्यांचाच आवाज ओला होता.

त्यांनी अंगठा पाटीवर ठेवला. ओल्या शाईवर, मधोमध. आणि दाबला.

"अहो!" काकू किंचाळल्या. खुर्ची मागे पडली. "काय केलंत हे? वेड लागलंय का तुम्हाला? शेवटचा तुकडा होता! उद्या काय..."

पण आता त्या वर बघत होत्या. समोर नवऱ्याचे ओठ होते. ओठ सावकाश, एकेक शब्द तोडून हलले. कॅनचं. झाकण. मी. घट्ट. लावलं.

काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"आणि भोकाचं?"

निम्मे डॉक्टरांनी खिशातून ते झाकण काढून काकूंच्या तळहातावर ठेवलं.

"मी दुप्पट घातलंय," काकू म्हणाल्या, आवाज अगदी बारीक. "आज मी दुप्पट घातलंय हो."

पुढचं सगळं भराभर झालं. काकूंनी रेनकोट चढवला, कोपरापर्यंतचे मोजे, डोळ्यांना चष्मा, त्यावर नणंदेचं हेल्मेट. "वन्सं, खिडक्या उघडा सगळ्या. खायचा सोडा आणा, असेल नसेल तेवढा. बादलीत थंड पाणी, त्यात तो ओता. आणि यांना घेऊन जिन्यात जा. ती वाफ यांच्या गळ्यात जाता कामा नये."

टक टक टक.

"नको काय नको? जा म्हणते ना!"

निम्मे डॉक्टरांनी रुमाल पुन्हा भिजवला, गळ्यावर दुहेरी बांधला आणि ओठ हलवले.

"काय म्हणतोय?" नणंद.

"म्हणताहेत, झाकणातलं तुला काय कळतं."

ते खरंच होतं. काकूंना टूथपेस्ट उघडता येत नव्हती.

दार उघडलं. कॅन कपाटातून अर्धा बाहेर झुकला होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी उचलला. तान्ह्या मुलाला उचलावं तसा, पण चेहरा फिरवून. प्लास्टिक गरम होतं. हळूहळू त्यांनी तो सोड्याच्या पाण्यात उभा केला, वर भिजवलेली जाड सतरंजी टाकली आणि सतरंजीआडून झाकण मुठीत धरलं. निम्मे डॉक्टर उंबऱ्यावर, कान पुढे केलेला, चमचा चौकटीवर तयार.

टक.

काकूंनी केसभर फिरवलं. काही नाही.

टक.

आणखी केसभर. स्स्स्... सतरंजीखाली सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज.

टक टक टक! काकूंचा हात थांबला. सतरंजी फुगली, तिच्या कडेखालून हिरवा फेस आला आणि सोड्याला लागताच दुधासारखा उतू गेला. बादलीच्या काठावरून फरशीवर, फरशीवरून काकूंच्या रबरी चपलांवर. "आई गं!" बाहेरून नणंद ओरडली. काकूंनी हात हलवला नाही. झाकण मुठीत थरथरत होतं. आत्ता सोडलं तर ते छतापर्यंत गेलं असतं.

फूत्कार जरा खाली आला. निम्मे डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं.

टक.

स्स्स्.

थांबले. ऐकलं. टक.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. नणंद नंतर सांगायची, तेवढ्यात माझे केस पिकले. शेवटी काकूंच्या मुठीखालच्या कॅनने अंग सैल सोडलं, आणि चारही बाजू मुकाट्याने आपापल्या जागी गेल्या. काकूंनी झाकण काढलं आणि आधी खिडकीतून बाहेर फेकलं.

"आता मारा मला," त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "नाही तर मी तुम्हाला मारते. कुणी तरी कुणाला तरी मारलं पाहिजे."

कॅनमध्ये हिरवं पाणी तळाशी उरलं होतं. बाकीचं बादलीत, सोड्याने निळसर गाळ होऊन बसलेलं. कारखाना सुटल्यापासूनचं विरजण! काकूंनी कॅन उजेडासमोर धरून हलवला. डब्यात एका पाटीपुरतं. एकदाच.

टेबलावर पाटी तशीच पडली होती. आठ वाटा धड, दोन वाटांवर अंगठ्याचा ठसा. शाई वाळून पक्की झालेली. पुसायचं म्हटलं तर सगळीच पुसावी लागणार.

"राहू दे तसाच," काकू पुटपुटल्या. ठशाखाली हरवलेली रेघ त्यांनी पेनाने पुन्हा जोडली. "शाई आहे, म्हणजे खालचं तांबं वाचेल. नको ते वाचेल, ते मागून खरवडू."

उघड्या खिडकीत, गरम पाण्याच्या परातीत उथळ डबा ठेवून त्या बसल्या. पाटी हिरव्या पाण्यात बुडाली. तांबं आधी निस्तेज झालं, मग गुलाबीसर. काकू डबा एका तालात हलवू लागल्या. निम्मे डॉक्टर वाऱ्याच्या बाजूला, दूर खुर्चीत.

"एक सांगायचंय," काकू डब्यातून नजर न काढता म्हणाल्या. "तुमचं यंत्र जुनं होऊन गेलं नाही. या वाफेने गेलं. मीच ठेवायचे ते त्या फळीवर. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

टक.

काकूंचा हात अडखळला. "एक? एक म्हणजे... तुम्हालाही माहीत होतं?"

टक. त्यांनी चमचा उजेडात धरला. स्टीलचा चमचा, त्यावर तपकिरी ठिपके. तोही रोज रात्री त्याच फळीवर असायचा.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" काकूंनी विचारलं, आणि विचारल्या क्षणी जीभ चावली.

निम्मे डॉक्टरांनी गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. हसताना त्यांचा आवाज होत नसे, नुसती खुर्ची करकरायची. खुर्ची बराच वेळ करकरली. काकू डोळे पुसू शकत नव्हत्या, हातात मोजे होते.

"हलवत राहा," नणंद दारातून म्हणाली. "मागून रड."

कडेचं तांबं आधी विरलं, खालची पिवळट पाटी दिसू लागली. मग मधलं. पाणी रंग बदलू लागलं होतं : हिरव्यातून शेवाळी, शेवाळीतून काळपट. पोट भरत होतं. अंगठ्याशेजारी तांब्याचा एक डाग अजून हलायला तयार नव्हता. काकूंनी परातीत आणखी गरम पाणी ओतलं. "खा," त्या पाण्याला म्हणाल्या. "एवढा घास खा. पुन्हा नाही मागणार." डाग पातळ झाला, जाळीसारखा झाला, गेला. पाण्यात आता जीव उरला नव्हता. काकूंनी पाटी बाहेर काढली, धुतली, शाई पुसली.

भोकं पाडली, जुन्या बोर्डावरचे भाग एकेक सोडवून नव्यावर जोडले, यंत्र मिटलं, बटण दाबलं.

काही नाही.

काकूंनी यंत्र पुन्हा उघडलं, भिंगातून अंगठ्याच्या ठशाकडे पाहिलं. ठशाच्या रेषा तांब्यात जशाच्या तशा उमटल्या होत्या, वर्तुळात वर्तुळ. आणि त्यातली एक रेष दोन वाटांना चिकटली होती. काकूंनी ब्लेडच्या टोकाने तेवढीच एक खरवडली. बाकीचा ठसा तसाच ठेवला.

बटण दाबलं. भुंगा गुणगुणला.

निम्मे डॉक्टरांनी यंत्र हातात घेतलं. गळ्याला टेकवलं. काकू आणि नणंद श्वास रोखून उभ्या.

"बेबी," यंत्र नणंदेला म्हणालं, "जा आता. बाथरूम... मोकळं आहे."

"मेल्या!" नणंद म्हणाली, आणि टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागली.

सोमवारी सकाळी काकू दुकानाच्या समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. आत जाणार नाही असं त्यांनी कबूल केलं होतं. बघणार नाही असं केलं नव्हतं. मालक गल्ल्याशी होता. त्याच्या शेजारी एक टापटीप माणूस हाताची घडी घालून उभा. विचारून गेलेला, तोच असणार. निम्मे डॉक्टर आपल्या खुर्चीत, यंत्र मुठीत.

एक म्हातारे गृहस्थ आले. चष्मा नव्हता. खोकल्याचं औषध मागितलं. निम्मे डॉक्टरांनी उठून बाटली काढली, पुसली, यंत्र गळ्याला लावलं.

"जेवणानंतर. एक चमचा. सकाळ आणि संध्याकाळ."

"एकच ना?" म्हाताऱ्याने कानामागे हात धरला.

"एकच."

मालकाची मान हलली. काकूंनी हातातल्या पिशवीचा बंद सोडला.

"हलवून घ्या," यंत्र म्हणालं. "आणि झाकण..."

आवाज थांबला.

मालकाने वर पाहिलं. टापटीप माणसाने हाताची घडी सोडली. काकू रस्ता न बघताच फुटपाथवरून खाली उतरल्या, एका सायकलवाल्याने शिवी घातली. सोल्डर सुटलं? ती खरवडलेली रेष? बटण? निम्मे डॉक्टर बाटली हातात धरून तसेच उभे होते. ओठ मिटलेले, नजर म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे, रस्त्यात उभ्या असलेल्या काकूंवर.

मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"अहो, पुढे?" म्हातारा म्हणाला. "झाकणाचं काय?"

त्यांनी यंत्र पुन्हा टेकवलं. आवाज सपाटच निघाला, दुसरा त्याला येतच नव्हता.

"घट्ट लावा," निम्मे डॉक्टर म्हणाले. "हे घट्टच लावायचं."